दादांचे घड्याळ आणि रेल्वेची वेळ

एरंडोलला रेल्वे नाही. अंजनी नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव धुळे-जळगाव महामार्गावर आहे. इथे एस.टी. आहे, ट्रक आहेत, पण आगगाडीची शिटी गावात ऐकू येत नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने नोंदवून ठेवले आहे, की एरंडोलला जवळचे स्टेशन म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचे म्हसावद, नऊ मैलांवर. त्याच नोंदीत एरंडोलच्या जाड्याभरड्या हातकागदाचाही उल्लेख आहे. हातकागदाचा तो धंदा इतिहासजमा झाला, स्टेशन मात्र होते तितक्याच अंतरावर राहिले. अशा गावातल्या उर्दू शाळेत शिकवणारा माणूस रेल्वेवाल्यांची जुनी मनगटी घड्याळे जमवतो, याचे लोकांना हसू येते. "सर, गावात गाडी नाही आणि तुम्ही गाडीची घड्याळे कशाला जमवता?" असे आम्हाला शिक्षकखोलीत अनेकदा विचारले गेले आहे. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि एका चुकीची कबुलीही आहे.

आमच्या घरात वडिलांच्या वडिलांना दादा म्हणण्याची रीत. आमचे दादा भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. १९४९ साली ते नोकरीला लागले तेव्हा रेल्वेचे नाव जी.आय.पी. होते. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी., निजामाची रेल्वे, शिंदे सरकारची रेल्वे आणि ढोलपूरची रेल्वे अशा चार रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे स्थापन झाली. दादांची टोपी तीच राहिली, बिल्ला बदलला. बिऱ्हाड भुसावळच्या क्वार्टरमध्ये आणि घर एरंडोलला, अशी त्यांची सगळी हयात गेली. ईदला घरी यायचे तरी ड्यूटीचा कागद खिशात असायचा. १९८६ साली निवृत्त होऊन ते कायमचे एरंडोलला आले. सोबत आणली पत्र्याची एक पेटी आणि मनगटावरचे घड्याळ. वेस्ट एण्ड वॉच कंपनीचे ते 'सोवार प्रायमा' त्यांनी नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी पगारातून पैसे साठवून घेतले होते.

लहानपणी त्या घड्याळाला चावी देण्याचे काम आमच्याकडे होते. फजरच्या नमाजनंतर दादा घड्याळ हातात देत आणि म्हणत, "रोज एकाच वेळी द्यायची, आणि अडेल तिथे थांबायचे." २००४ साली दादा गेले. दादींनी ते घड्याळ रुमालात बांधून आमच्या हाती दिले. घरात आमच्याहून मोठे लोक होते, पण चावी आम्ही देत होतो म्हणून ते आम्हाला मिळाले.

२०१२ साली बी.एड. पुरे झाले आणि नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या. घड्याळाची डायल पिवळी पडली होती, आकड्यांवरचा रात्री चमकणारा मसाला तपकिरी होऊन गळत होता, काचेवर ओरखडे होते. मुलाखतीला असे घड्याळ घालून कसे जायचे, असे आम्हाला वाटले. एका मोठ्या शहरातल्या दुकानात ते दुरुस्तीला दिले. दुकानदाराने आमच्यासमोर पाठीमागचे झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरे होती. काही तारखा होत्या, काही खुणा होत्या, दोन-तीन ओळी उर्दू आकड्यांत होत्या. सर्वांत वरची तारीख १९५८ची होती, एवढे आम्हाला आठवते. "दुरुस्त करणाऱ्यांच्या खुणा आहेत, काही विशेष नाही," दुकानदार म्हणाला. आम्हीही मान हलवली.

आठ दिवसांनी घड्याळ मिळाले ते अगदी नवे होऊन. पांढरीशुभ्र डायल, तिच्यावर लाल रंगाचे इंजिन, खाली 'रेल्वे' असा शब्द. केसला चकाकी. झाकण 'गंजले होते म्हणून' बदललेले. आम्ही खूश झालो! आमच्या गार्डदादांच्या घड्याळावर आता इंजिनही आले, असे वाटून घरी सगळ्यांना दाखवले. फक्त दादींनी ते हातात घेतले, उलटेपालटे केले आणि काही न बोलता परत दिले. दादींना दिसत नसेल, असे आम्ही समजलो.

त्या दिवशी आम्ही काय गमावले हे समजायला आम्हाला पाच-सहा वर्षे लागली. ते वाचकांना सांगायचे तर आधी रेल्वेचे आणि घड्याळाचे नाते काय होते, ते सांगितले पाहिजे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. त्या काळी या देशात एक वेळ नव्हती. प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्यावर. सूर्य डोक्यावर आला की बारा. पूर्वेकडच्या गावात बारा आधी वाजतात, पश्चिमेकडच्या गावात नंतर. एका रेखांशाला चार मिनिटे, हे आम्ही सातवीच्या वर्गात शिकवतो. या हिशोबाने एरंडोलची वेळ मुंबईच्या दहा मिनिटे पुढे येते. बैलगाडीने जाणाऱ्याला या दहा मिनिटांशी काही कर्तव्य नव्हते. पण एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या येणार असतील, तर दहा मिनिटांत माणसे मरतात.

मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. १८७० साली जबलपूरला जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता असा सलग लोहमार्ग आपल्या खानदेशातून सुरू झाला. आता या मार्गावर कोणाची वेळ चालवायची? मुंबईची की कलकत्त्याची? मद्रास दोघांच्या मधे पडत होते आणि तिथे वेधशाळा होती. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ घेतली आणि ती तारायंत्राने स्टेशनास्टेशनावर जाऊ लागली. म्हणजे म्हसावदच्या स्टेशनावरचे घड्याळ एरंडोलच्या सूर्याच्या वीस मिनिटे पुढे चालत होते. एरंडोलचा व्यापारी कापूस घेऊन गावच्या वेळेने निघाला, तर त्याची गाडी चुकलीच म्हणून समजा.

या गोंधळाची गंमत एका फ्रेंच लेखकाने फार छान टिपली आहे. ज्यूल व्हर्न यांच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या १८७३ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीचा नायक मुंबईहून याच मार्गाने निघतो. गाडी खानदेशच्या सपाट, पिकाऊ मुलखातून जाते, बऱ्हाणपूरला थांबते. त्याचा नोकर पासपार्तू याच्याजवळ वाडवडिलांचे घड्याळ आहे आणि ते लंडनच्या वेळेवर आहे. बऱ्हाणपूरच्या पुढे, सातपुड्याच्या परिसरात, सोबतचा इंग्रज अधिकारी त्याला समजावतो, की तुझे घड्याळ चार तासांहून जास्त मागे आहे. पासपार्तू काटे फिरवायला तयार होत नाही. वाडवडिलांचे घड्याळ चुकेल कसे? लहानपणी हे वाचून आम्ही हसलो होतो. आता तितके हसू येत नाही.

वेळ बदलणे लोकांनी सुखासुखी मान्य केले नाही. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरात मद्रासची वेळ लागू करण्याचा प्रयत्न केला. लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १९०५च्या जुलैपासून रेल्वेत आणि १ जानेवारी १९०६ पासून सर्वत्र ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची जुनी वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. गिरणीच्या भोंग्याने अचानक ३९ मिनिटे आधी बोलावले, तेव्हा जानेवारी १९०६ मध्ये जेकब ससून गिरणीचे कामगार बिथरले आणि दगडफेक झाली. त्यांना खगोलशास्त्र कळत नव्हते असे नाही. आपली झोप मालकाने घड्याळाच्या काट्याने कापून घेतली, हे त्यांना चांगले कळत होते. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईत त्या काळी घड्याळ विचारताना कोणती वेळ, मुंबईची की स्टॅण्डर्ड, असे विचारावे लागे.

आपल्या वाचकांना यात काही नवल वाटू नये, कारण आपण आजही दोन वेळांत जगतो. एरंडोलचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी २९ मिनिटे मागे आहे. म्हणून जवालची वेळ आपल्याकडे बाराला येत नाही, ऋतूप्रमाणे साधारण सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान येते. मशिदीतल्या तक्त्यावर नमाजच्या वेळा सूर्याच्या हिशोबाने आणि भिंतीवरचे घड्याळ रेल्वेच्या हिशोबाने. दोन्हींचा मेळ घालायला तक्ता लागतो. रमजानमध्ये मुंबईचा छापील तक्ता घेऊन खानदेशात रोजा सोडता येत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. सूर्याची वेळ आणि साहेबाची वेळ या दोन्ही बिनबोभाट पाळणारे लोक म्हणून आपल्या वाडवडिलांकडे पाहिले पाहिजे. दादा तसेच होते. ब्रेकव्हॅनमध्ये नमाजची वेळ सूर्यावरून आणि गाडीची वेळ मनगटावरून.

आता घड्याळाकडे येऊ. घड्याळ बिघडले तर काय होते, याचा धडा जगाला अमेरिकेत मिळाला. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन या लहानशा स्टेशनाजवळ टपालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर आदळल्या. टपाल-कर्मचाऱ्यांसह अनेकांचा जीव गेला. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा आपोआप चालू झाले होते आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता, असे सांगतात. त्यानंतर क्लीव्हलॅण्डचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवली गेली. त्यांच्या प्रयत्नांतून रेल्वेच्या घड्याळाचे कडक नियम तयार झाले. पांढऱ्या डायलवर ठळक काळे आकडे, वर झाकण नाही, किमान १७ ज्वेल, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत धरून मिळवलेले आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही. ठरावीक दिवसांनी प्रत्येक कामगाराने घड्याळ तपासनीसाला दाखवायचे आणि कार्डावर नोंद करून घ्यायची. संग्राहक ज्यांना 'रेलरोड वॉच' म्हणतात ती ही घड्याळे.

ती सगळी खिशातली होती. मनगटावरचे घड्याळ हे बायकांचा दागिना समजले जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायाला खिशात हात घालायला सवड नव्हती, तेव्हा पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आले. तरीही अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी मनगटी घड्याळावर बराच काळ विश्वास टाकला नाही. १९६०च्या सुमारास ही परवानगी मिळू लागली. त्याच वर्षी बुलोवा कंपनीचे 'ॲक्युट्रॉन' बाजारात आले. त्यात बॅलन्सचे चाक नव्हते; सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा एक चिमटा वेळ मोजत असे. रेल्वेने ते मान्य केले. त्याआधी १९५७ साली ओमेगाने 'रेलमास्टर' काढले होते. विजेच्या इंजिनाजवळ चुंबकत्वाने हेअरस्प्रिंग बिघडते आणि घड्याळ पुढे-मागे होते, त्यावर तो इलाज होता. परदेशातले संग्राहक या घड्याळांसाठी मोठ्या रकमा मोजतात.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे नियम होता आणि आजही आहे. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे प्रमाणवेळ रोज दुपारी १६ वाजता मुख्य स्टेशनांना कळवली जाते. गाडी सुटण्याआधी गार्डाने आपले घड्याळ स्टेशनच्या किंवा हजेरीच्या ठिकाणच्या घड्याळाशी मिळवायचे आणि ती वेळ चालकाला सांगायची. चालकाने त्याप्रमाणे आपले घड्याळ लावायचे. हे वाक्य नीट वाचा. गाडीची वेळ गार्डाच्या मनगटावरून चालकाच्या मनगटावर जात होती. २०२२ पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, चालकाला 'लोको पायलट' म्हणतात, पण घड्याळ मिळवण्याचा क्रम तोच आहे.

सेकंदकाट्याचे आणखी एक काम दादा सांगत. रुळाकडेच्या एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे आणि ३६०० ला त्या संख्येने भागायचे. साठ सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटर, नव्वद लागले तर ४०. गार्डाच्या डब्यात बसून गाडीचा वेग ओळखण्याची ही युक्ती. आमचे विद्यार्थी एस.टी.च्या खिडकीतून हा हिशोब करतात आणि ड्रायव्हरला वेग सांगून वैताग आणतात!

मालगाडीचा ब्रेकव्हॅन म्हणजे हादऱ्यांचे घर. पुढचे चाळीस-पन्नास डबे एकामागून एक ओढले गेले, की शेवटचा हिसका गार्डाला बसे. घड्याळातल्या बॅलन्सची धुरी केसासारखी बारीक असते, ती अशा हिसक्याने तुटते. १९३० नंतरच्या दशकांत धुरीखाली बारीक स्प्रिंग बसवून धक्का सोसण्याची सोय झाली. म्हणून रेल्वेवाले घड्याळ घेताना नाव आणि मशीन पाहून घेत.

भारतात ही गरज ज्यांनी ओळखली त्यांत दोन नावे मोठी. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईच्या बाजारात होती. दुसरी वेस्ट एण्ड. हिची घड्याळे स्वित्झर्लंडच्या सेंट इमिए गावात बनत आणि मुंबई-कलकत्त्याच्या कचेऱ्यांतून विकली जात. हिंदुस्थानच्या बाजारासाठीच ही कंपनी उभी राहिली होती. फौजेत आणि रेल्वेत तिचे नाव होते. तिचे 'सोवार' हे नाव उर्दूच्या शिक्षकाला कसे चुकेल? तो आपला फारसी 'सवार', घोडेस्वार. फौजेतल्या घोडदळाच्या साध्या शिपायाला सवार म्हणत. म्हणजे हे साहेबाचे घड्याळ नव्हते, शिपायाच्या नावाचे घड्याळ होते. रेल्वेच्या माणसाने ते घ्यावे हे साजेसेच.

१९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीचे घड्याळ सुरू झाले आणि चित्र पालटले. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' ही नावे घराघरांत गेली. यांतल्या चावीच्या घड्याळांचे १७ ज्वेलचे मशीन साधे, दणकट आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारे. रेल्वेच्या निवृत्ती समारंभात एचएमटी भेट देण्याची जणू रीतच पडली. पुढे क्वार्ट्झ आले, चावीची सवय गेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. त्यानंतर जुन्या एचएमटीचे भाव वाढले आणि जमवणाऱ्यांची झुंबड उडाली. आम्हीही त्यातच.

आणि तेव्हाच आम्हाला आमची चूक कळली.

जमवू लागल्यावर आम्ही मुंबईच्या चोरबाजारात गेलो, जळगाव-भुसावळच्या जुन्या दुकानांत बसलो, अनेक घडीसाजांच्या हातापाया पडून शिकलो. तिथे कळले, की 'रेल्वे' लिहिलेल्या, इंजिन छापलेल्या मनगटी घड्याळांचा ढीगच्या ढीग बाजारात आहे. जुने मशीन, रंगवलेली डायल, कुठल्या तरी दुसऱ्या घड्याळाचे काटे. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. आम्ही आमच्या मनगटाकडे पाहिले. तेच लाल इंजिन.

वेस्ट एण्डने दादांना दिलेल्या डायलवर इंजिन नव्हते. असण्याचे कारणच नव्हते. इंजिनाचे चित्र पूर्वीही स्वस्त घड्याळांवर असे. १८६७ साली रॉस्कॉफ नावाच्या कारागिराने कामगाराला परवडेल असे घड्याळ काढले. पुढे त्याच्या असंख्य नकला निघाल्या आणि रेल्वेच्या अचूकपणाचा लौकिक वापरण्यासाठी त्यांवर इंजिने कोरली गेली. ज्याच्यावर आगगाडी, ते बहुधा आगगाडीत कधी गेलेच नाही. आणि जे तीस-पस्तीस वर्षे ब्रेकव्हॅनमध्ये हादरत राहिले, त्याच्यावर आगगाडीचे नावही नव्हते.

मग त्याची ओळख काय होती? त्या झाकणाच्या आतल्या सुईच्या खुणा. घडीसाज घड्याळ उघडून तेल-पाणी करतो, तेव्हा आपली खूण आणि तारीख आत कोरतो, म्हणजे पुढच्याला कळावे. अमेरिकेच्या गार्डाजवळ तपासणीचे कार्ड असे. आमच्या दादांचे कार्ड ते झाकण होते. १९५८ पासून निवृत्तीपर्यंत हे घड्याळ किती वेळा, किती महिन्यांनी, कोणाकडे तपासले गेले, हे सगळे त्यात होते. उर्दू आकडे लिहिणारा तो भुसावळचा घडीसाज कोण होता? त्याच्या दुकानात किती गार्ड, किती ड्रायव्हर आपले घड्याळ घेऊन बसत असतील? हे सांगणारा एकमेव कागद पितळेचा होता आणि तो आम्ही 'गंजला' म्हणून भंगारात जाऊ दिला. दुकानदाराला दोष देऊन काय करणार? त्याने जे सांगितले तेच केले. 'नवे करून द्या' असे आम्हीच सांगितले होते.

आम्ही त्या दुकानात पुन्हा गेलो. जुनी डायल, जुने झाकण, काहीही मिळाले नाही. त्यानंतर दादींना पहिल्यांदा विचारले, की त्या दिवशी तुम्ही काही बोलल्या का नाहीत? दादी म्हणाल्या, "तू इतना खुश था बेटा. मैं क्या बोलती?" मग त्यांनी सांगितले, की दादा रात्रपाळीहून आले की घड्याळ उशीजवळ ठेवत आणि अंधारात त्याचे हिरवे आकडे चमकत. ते चमकताना दिसले, की दादी समजत, गाडी सुखरूप पोचली आणि माणूस घरी आला. तो गळणारा तपकिरी मसाला म्हणजे हे होते.

वाचकहो, ही केवळ एका घड्याळाची गोष्ट असती तर ती लिहून या वार्षिकाची पाने आम्ही अडवली नसती. आपल्या समाजात इतिहास म्हटला की आपण सुलतान, किल्ले आणि दर्गे यांच्याकडे वळतो. ते वाचलेच पाहिजेत. पण भुसावळच्या यार्डात, लोकोशेडमध्ये, ब्रेकव्हॅनमध्ये आपल्या वाडवडिलांनी इतर सर्व जातिधर्मांच्या कामगारांबरोबर हयात घालवली, त्याचा इतिहास कोणत्या ग्रंथात आहे? फायरमन, फिटर, पॉइंट्समन, गार्ड. या देशात तुमचे योगदान काय, असे कोणी विचारले की आपण ताजमहाल दाखवतो. आपल्याच घरातल्या पेटीत पडलेली शिटी, पगाराची पावती, बदलीचा हुकूम आणि घड्याळ दाखवायचे आपल्याला सुचत नाही. कारण आपणच त्यांना भंगार समजतो. दुसऱ्यांनी आपला इतिहास पुसला, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खोटी नाही. पण या घड्याळाचा इतिहास दुसऱ्या कोणी पुसला नाही. तो आम्ही पैसे देऊन पुसून घेतला.

आता आमच्याजवळ एकतीस मनगटी घड्याळे आहेत. बहुतेक रेल्वेत काम केलेल्यांच्या घरातून मिळालेली. त्यांत दुर्मीळ असे फारसे काही नाही. प्रत्येक घड्याळाबरोबर आम्ही एक कागद ठेवतो. घड्याळ कोणाचे, तो माणूस कुठे काम करी, कोणत्या साली घेतले, कोणी दिले, झाकणाच्या आत काय लिहिले आहे. हे लिहायला घरच्यांची परवानगी घेतो, आणि कोणी पुढे परत मागितले तर देतो. दोन घड्याळे अशी परत गेलीही आहेत. एका घरची नात आली आणि म्हणाली, "नानांचे घड्याळ मला लग्नात हवे आहे." तिला आम्ही घड्याळाबरोबर कागदही दिला.

दादांच्या घड्याळाला मध्यंतरी एका संग्राहकाने चांगली किंमत सांगितली होती. आमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. इंजिनाची डायल पाहून तो भुलला होता आणि गार्डाच्या नातवाकडे आहे म्हणजे अस्सल असणारच, असे त्याने धरून चालले होते. आम्ही क्षणभर गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. घराच्या गिलाव्याचे काम तेव्हा अडले होते. मग आम्ही त्याला सांगितले, "मशीन अस्सल आहे, माणूस अस्सल होता, डायल खोटी आहे." तो हसला आणि निघून गेला. त्या घड्याळाच्या कागदावर आम्ही हेच लिहून ठेवले आहे. खाली आमची सही आणि चुकीचे साल, २०१२.

शाळेत दरवर्षी सातवीच्या मुलांना आम्ही एक काम देतो. घरातली एक जुनी वस्तू पुसायची नाही, घासायची नाही, आहे तशी पाहायची आणि तिच्याबद्दल घरच्या सर्वांत वृद्ध माणसाला पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणायची. गेल्या वर्षी एका मुलीने आपल्या परनानांचे बंद पडलेले एचएमटी 'जनता' आणले. परनाना जिनिंगमध्ये होते, रेल्वेत नव्हते. पण तिने लिहिले होते, की ते रोज संध्याकाळी अंगणात बसून दूरच्या गाडीच्या वेळेवर घड्याळ मिळवत. आम्ही तिला म्हटले, "बेटी, एरंडोलला गाडीचा आवाज येतो कुठे?" ती म्हणाली, "सर, ते धरणगावला राहायचे. तिथे येतो." आमचीच चूक होती. तापी खोऱ्यातली सुरत-भुसावळ लाइन १९०० सालापासून धरणगाववरून जाते. शिक्षकाने विद्यार्थ्याचे लिहिलेले नीट वाचावे, एवढे त्या दिवशी पुन्हा शिकलो.

तेव्हा एक विनंती. आपल्या घरात आजोबांचे, नानांचे जुने घड्याळ असेल तर दुरुस्तीला जरूर द्या. बंद घड्याळापेक्षा चालते घड्याळ केव्हाही चांगले. पण देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. झाकण उघडल्यावर आत काय कोरले आहे ते मागून घ्या आणि उतरवून ठेवा. 'तेल-पाणी करा, पण डायल आणि झाकण बदलू नका,' हे तोंडी नाही, पावतीवर लिहून घ्या. काही बदलावेच लागले तर जुना भाग परत मागा. आणि घरात ज्यांना आठवते त्यांना आजच विचारा, कारण आमच्या दादी २०१९ साली गेल्या आणि त्या घडीसाजाचे नाव त्यांना ठाऊक होते की नाही, हे विचारायचे आमच्याकडून राहूनच गेले.

दादांच्या घड्याळाला आजही आम्हीच चावी देतो. फजरनंतर, रोज एकाच वेळी, अडेल तिथे थांबून. दिवसाला ते अर्धा मिनिट मागे पडते. आम्ही ते मिळवून घेतो.